आवाज बारीक

१

माझं काम खरखर काढायचं. जुन्या टेपरेकॉर्डरचा आवाजाचा नॉब फिरवला की स्पीकरमधून वाळू चाळल्यासारखा आवाज येतो, तो घालवायचा. घरी बसूनच करते. कुणी विचारलं तर बाबा 'लेक इलेक्ट्रॉनिक्समध्ये हाय' एवढं सांगतात आणि विषय बदलतात.

बी.एस्सी. मी त्यातच केलंय. चाकणला एका कंपनीत क्वालिटीला लागलेही होते. पण शेजारच्या शेडमध्ये प्रेस चालायचा आणि त्याचा प्रत्येक ठोका मला पहिलाच वाटायचा. एकदा दचकून तपासलेल्या मालाचा ट्रे हातातून सांडला, तेव्हा अख्खी लाइन हसली. मग मुलं मुद्दाम मागून येऊन टाळी वाजवायला लागली. एक दिवस मी बसमध्ये चढलेच नाही. बाबा त्याच पट्ट्यातल्या दुसऱ्या कंपनीत गेटवर बसतात. छातीत स्टेंट घातल्यापासून त्यांना हलकं काम दिलंय. तिथं त्यांना कुणी ना कुणी विचारत असणारच, पोरीनं नोकरी का सोडली म्हणून. ते मला कधी सांगत नाहीत, आणि तेच मला जास्त लागतं.

घरात आम्ही दोघंच. आई मी शाळेत असतानाच गेली.

काम तसं सोपं आहे. सेटची पाठ उघडायची. आवाजाच्या कंट्रोलला पत्र्याची छोटी डबी असते, तिच्या फटीतून क्लीनरचा फवारा मारायचा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहायचं. आतल्या पट्टीवरची घाण सुटते, खरखर जाते. पण क्लीनरबरोबर दांडीला लावलेलं मूळचं ग्रीसही धुऊन निघतं आणि नॉब भिरभिरायला लागतो. म्हणून शेवटी दांडीच्या बुडाशी नवं दाट ग्रीस, काडीच्या टोकावर राहील एवढंच. मग नॉब पुन्हा जडसर, खानदानी फिरतो. एवढा वेळ माझे हात थरथरत नाहीत.

सेट आणून देतो शेखरदादा. तो कुदळवाडीच्या भंगारातून जुने टू-इन-वन उचलतो आणि माझ्याकडून साफ करून घेऊन ऑनलाइन हौशी लोकांना विकतो. त्या दिवशी आणलेला सेट मोठा होता. दोन स्पीकर, वर हँडल, दर्शनी भाग सगळा क्रोमचा.

"आरसाच आहे बघ," तो म्हणाला. "भांग पाडायचा यात आणि वर गाणी ऐकायची. काय मॅडम, ठेवू का? का घाबरायला होतंय?"

"ठेव," मी म्हटलं.

त्यानं सेट टेबलावर ठेवला, तो जरा धपकन. मी दचकले. शेखरदादा हसला नाही, इकडंतिकडं बघत राहिला. लोक हसतात त्यापेक्षा हसायचं टाळतात तेव्हा मला जास्त ओशाळं वाटतं.

२

आमची खोली चिंचवड गावठाणात, सोजराबाईंच्या इमारतीत. त्यांची शेती कधीच कंपन्यांत गेली. उरलेल्या जागेवर त्यांनी तीन मजले चढवून खोल्या काढल्या. लातूरचे, रत्नागिरीचे, नगरचे, सगळीकडचे भाडेकरू. सोजराबाई स्वतः आमच्या शेजारी राहायच्या, मध्ये एकच भिंत. सगळे त्यांना मावशी म्हणायचे.

मावशींचा एक नेम होता. गल्लीत कुणी गेलं की त्या गॅलरीतून चालत यायच्या आणि हातातली जाड पाटली प्रत्येक दारावर वाजवायच्या. "आवाज बारीक करा गं. अमक्याच्या घरी झालंय." की लगेच सगळ्या इमारतीतले टीव्ही, मोबाइल, मिक्सर एकेक करून खाली यायचे. मेलेलं माणूस भाडेकऱ्यांच्या ओळखीचं नसायचं. तरी.

एकदा मी आवाज ऐकून दार उघडलं तर मावशी आमच्या ओळीतली एक खोली सोडून पुढं गेल्या होत्या. मी विचारलं, ते दार का नाही वाजवलं.

"येडी हाय का तू?" त्या म्हणाल्या. "त्येंच्याच घरी झालंय की. त्यास्नी काय सांगायचं."

तर तो क्रोमचा सेट मी साफ केला आणि एफएम लावून मध्यावर ठेवला. खरखर गेली की नाही, हे दिवसभर वाजवूनच कळतं. मी दुसऱ्या सेटचे स्क्रू काढत बसले होते. कुठलंतरी नाचाचं गाणं चाललं होतं. मध्येच ते लांब गेल्यासारखं वाटलं.

वर बघितलं. नॉबवरची पांढरी रेघ मध्यावर नव्हती. थोडी खाली आली होती.

मी उठून बघणार तेवढ्यात गॅलरीत पाटली वाजली. "बारीक करा गं. गिरणीवाला किसन गेला." मावशी आमच्या उघड्या दारात थांबल्या, आत कान दिला.

"तू आधीच केलास व्हय? कुणी सांगितलं तुला?"

मी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"शिकलेलं प्वार शानं असतंय," त्या मागच्या दारातल्या बाईला म्हणाल्या. "न्हायतर तुमी. सांगितल्याबिगर हात हालत न्हाई."

मी मान हलवली. नाही म्हणाले नाही, हो म्हणाले नाही, मान तेवढी हलवली. बऱ्याच दिवसांनी माझं कुणी कौतुक केलं होतं.

३

ग्रीस कमी पडलं असणार. नॉब ढिला, स्पीकर मोठे, त्यांच्या थरथरीनं सरकला. मी पुन्हा पाठ उघडली आणि अजून ग्रीस भरलं. बोटानं फिरवून बघितला. चांगला जड झाला होता.

पण नॉब गोल असतो. दोन्हीकडं सारख्या वजनाचा. थरथरीनं तो खालीच का यावा, वर का जाऊ नये?

पुढच्या वेळी दुपारी बाबा आतल्या खोलीत झोपले होते. मी सेटसमोर बसून चहा पीत होते, म्हणजे मी त्याच्याकडं बघतच होते असं म्हणायला हरकत नाही. निवेदिका कसल्याशा स्पर्धेचा नंबर सांगत होती. रेघ हलली. झटका नाही, घसरणं नाही. घरात पाहुणे आले की मोठं माणूस येऊन मुलांचा रेडिओ बारीक करतं ना, दोन बोटांत धरून, बेतानं, तशी ती फिरली. मागच्यापेक्षा बरीच खाली आली आणि थांबली.

मी कप खाली ठेवला. थोड्या वेळानं पाटली वाजली. "बारीक करा गं. समोरच्या बिल्डिंगीत झालंय, कासारबाई."

किसनची गिरणी गल्लीच्या तोंडाशी. कासारबाई समोर, रस्त्यापलीकडं. मी नॉबवरच्या दोन्ही जागा डोळ्यांनी मोजल्या आणि लांब कुठली, जवळ कुठली हे ताडून पाहिलं. मरण जितकं जवळ, तितकी रेघ खाली. मनात पहिला विचार आला तो असा, की चला, आपलं नाही. आतून बाबांचं घोरणं येत होतं. आपलं नाही. बाई मेली होती आणि मला बरं वाटलं होतं. मी तोंड धुऊन आले.

संध्याकाळी सेट उघडला. कंट्रोलच्या दांडीभोवती मी भरलेलं पांढरं ग्रीस होतं आणि त्यात एका अंगठ्याचा ठसा होता. रुंद, सपाट, रेषा झिजलेल्या. मी माझा अंगठा त्यावर धरून बघितला. माझा बराच लहान. मग स्वतःला सांगितलं की ग्रीस मऊ असतं, पसरतं, ठसा मोठा दिसतो. कापडानं पुसून टाकला. पुसल्यावर वाटलं, फोटो काढायला हवा होता. आणि मग वाटलं, कुणाला दाखवणार होतीस?

४

मोबाइल समोर उभा करून मी त्या नॉबचं शूटिंग केलं. सबंध दिवस. काही हललं नाही. संध्याकाळी ते पुढंमागं करून बघताना माझी निराशा झाली, आणि का झाली ते लक्षात आल्यावर मी मोबाइल पालथा ठेवला. काही हललं नाही, कारण त्या दिवशी गल्लीत कुणी मेलं नव्हतं. आणि मी सबंध दिवस त्याचीच वाट बघत बसले होते.

शेखरदादाला फोन केला. "हा सेट कुठनं आणला?"

"आला कुठल्यातरी घरातून. का? करंट मारतो का?"

"नाही. नॉब आपोआप खाली येतो."

तो समजुतीच्या आवाजात म्हणाला, "तनुजा, तू बाहेर पडत जा जरा. तो सेट घेऊन जातो मी उद्या."

आणि मी चटकन म्हणाले, "नको. राहू दे."

कारण तो गेला तरी व्हायचं ते होणारच, मला कळणार नाही इतकंच. बंद करून ठेवावा म्हटलं, तर या सेटचं बंद करायचं बटण वेगळं नव्हतं. आवाजाचा नॉबच शेवटच्या टोकाला न्यायचा, की 'टक' होऊन तो बंद पडायचा. किसन त्या टकपासून लांब होता. कासारबाई जवळ. माझ्या हिशोबानं शेजारच्या खोलीची जागा टकच्या अगदी वर येत होती. आणि टक म्हणजे आमचं घर. घरात माणसं दोन, त्यातल्या एकाच्या छातीत स्टेंट. तो नॉब माझ्या हातानं मला तिथवर नेववेना.

प्लग काढून बघितला. रात्रभर शांततेत पडून राहिले, आणि अंधारात तो फिरत असेल असं वाटत राहिलं. पहाटे पुन्हा लावला.

"काय करायलीस?" बाबांनी डबा भरताना विचारलं. "इतक्या सकाळी रेडिओ?"

"टेस्टिंग चालू आहे."

"असू दे. घरात आवाज असला की बरं वाटतंय." ते दारात थांबले. "गेटवर आमच्या साहेबानं इचारलं, तुमची पोरगी काय करती. मी म्हणलं, ज्या मशीनचा आवाज कुणाला नीट करता येत न्हाय, ती नीट करती."

"आणि मग?"

"मग काय. हसला." ते चपला घालायला वाकले आणि एक हात छातीवर ठेवूनच उभे राहिले. "काय बघायलीस? गॅस हाय. जा, तुझं काम कर, माय."

मी त्या दिवशी सगळं ग्रीस संपवलं. डबी, दांडी, नॉबची मागची बाजू, जिथं जाईल तिथं भरलं. नॉब इतका घट्ट झाला की फिरवायला दोन्ही हात लागायचे. असं काम मी गिऱ्हाइकाला कधी दिलं नसतं.

५

दुपारी बाबांची शिफ्ट सुटायच्या सुमाराला तो खाली यायला लागला.

ग्रीसचं त्याला काहीच वाटलं नाही. तितक्याच बेतानं, तितक्याच सभ्यपणे. किसनची जागा गेली. कासारबाईंची गेली. मी दोन्ही हातांनी नॉब पकडला आणि उलटा पिळला. तो माझ्याविरुद्ध जोर लावत नव्हता, हेच भयंकर होतं. लहान पोर हात धरून ओढतं आणि मोठं माणूस नुसतं उभं राहतं, तसं काहीतरी. पण मी पूर्ण अंग टाकलं तेव्हा तो वर गेला. मध्याच्याही वर. गाणं खोलीत मावेना. भांड्यांच्या फडताळावरचा पेला थरथरायला लागला. मी तसाच धरून ठेवला. वाटलं, हा खाली गेला नाही तर कुणी जाणार नाही. बी.एस्सी. झालेली मुलगी असा विचार करत होती.

क्रोमची पट्टी माझ्या नाकासमोर होती. तिच्यात माझी बोटं वाकडी, फुगलेली दिसत होती. मी ती बघत होते, कारण दुसरीकडं कुठं बघायचं धाडस नव्हतं. माझी बोटं, माझे दोन अंगठे, नखांत ग्रीस. आणि त्यांच्यामध्ये, समोरच्या बाजूनं आलेला, आणखी एक अंगठा. रुंद. नॉबवर हलकेच टेकलेला. मी पट्टीवरून नजर काढून खुद्द नॉबकडं पाहिलं. तिथं फक्त माझे हात होते. पुन्हा पट्टीत पाहायला मी मान वळवली नाही.

किती वेळ तशी होते, माहीत नाही. दार ढकललं गेलं. गॅलरीत माणसं उभी होती. सगळ्या मजल्यांवरची. बायकांनी तोंडाला पदर लावले होते, पुरुष उघड्या डोक्यानं. आणि त्यांच्या मागं, आमच्या दाराला लागून असलेल्या दारातून, मावशींच्या सुना-मुलींचा हंबरडा येत होता. गाण्याखाली मला तो ऐकूच आला नव्हता.

या वेळी आमच्या दारावर पाटली वाजली नव्हती. वाजवणारीच गेली होती.

"जरा तरी लाज?" कुणीतरी म्हणालं.

"मावशी हिचंच कौतुक करायची. शिकलेली म्हणून."

"बारीक कर गं ते आधी."

"तिनं दाबून धरलाय बघा. दोन्ही हातांनी. वाढवून धरलाय आवाज."

मला सांगायचं होतं. तोंड उघडलं, पण त्या नाचाच्या गाण्यावर ओरडून काय सांगणार होते? मावशींची जागा टकच्या वर होती, तिथं तो थांबेल की नाही मला माहीत नाही, म्हणून धरलाय?

गर्दीतून बाबा पुढं आले. शिफ्टचा शर्ट, हातात डबा. खाली बसमधून उतरले तेव्हाच त्यांना कळलं असणार. ते माझ्याकडं बघत नव्हते. जमिनीकडं बघत होते. चाकणच्या गेटवर कुणी माझं विचारल्यावर ते असेच बघत असतील.

"तने," ते हळू म्हणाले, "सोड."

"बाबा, नको."

"लोक बघायलेत, माय. सोड ते."

सगळे माझ्याकडं बघत होते. माझे कान तापले, मान तापली. त्या क्षणी भीती होती, पण त्यापेक्षा मला फक्त एवढंच हवं होतं, की यांनी बघायचं थांबावं.

मी हात सोडला.

रेघ खाली गेली. गाणं लांब गेलं, भिंतीपलीकडं गेलं, विहिरीच्या तळाशी गेलं. रेघ मावशींच्या जागेवर आली. तिथं ती क्षणभर थांबली. मला अजून वाटतं, थांबली होती.

मग टक झालं.

"हां," बाबा म्हणाले. "झालं की."

६

ते मावशींना खांदा द्यायला गेले. मी जाऊ नका म्हटलं, त्यांच्या बाहीला धरलं. "शेजारी हाय ती," एवढंच ते म्हणाले आणि सगळ्यांसमोर हळूच माझी बोटं सोडवली. माझ्यामुळं त्यांना खाली बघावं लागलं होतं, आता ते चार लोकांत ताठ चालणार होते. उन्हात, नदीपर्यंत.

मी दार लावून घेतलं. हात धुतले. ग्रीस पाण्यानं निघत नाही. साबणानं, मग रॉकेलच्या बोळ्यानं. मनाची समजूत घालत होते, की शेजारची भिंत एकच आहे, एका भिंतीच्या अंतरानं मावशींचं घर कुठलं आणि आमचं कुठलं, हा फरक त्या नॉबला काय कळणार. टक मावशींचंच असणार. हे पटण्यासारखं होतं. मला ते जवळजवळ पटलं.

ऊन उतरलं. एकेक माणूस परत यायला लागलं, जिन्यात पाय धुतल्याचं पाणी सांडल्याचे आवाज. थोड्या वेळानं कुणीतरी टीव्ही लावला. मग दुसऱ्यानं. मयत गेलं की इमारत पुन्हा आपल्या आवाजावर येते, त्यात वाईट काही नाही. खाली मिक्सर सुरू झाला. मी बाबांसाठी चहाचं आधण ठेवलं.

आणि मग गल्लीच्या तोंडाशी सलूनमधला टीव्ही बारीक झाला.

मी गॅस बंद केला. समोरच्या बिल्डिंगीतलं गाणं खाली आलं. आमच्या तळमजल्यावरचा मिक्सर मध्येच थांबला. पहिला मजला. दुसऱ्या टोकाची खोली. खाली रस्त्यावर पुष्कळ पावलं वाजत होती, सावकाश, काहीतरी जड उचलून चालतात तशी, आणि कुणी बोलत नव्हतं.

गॅलरीत पाटली वाजली. दारावर दोनदा, जशी नेहमी वाजायची. मग पुढच्या दारावर. मग त्याच्या पुढच्या. ती आमच्या दिशेनं येत होती आणि तिच्यामागं एकेक खोली शांत होत होती. मी दारामागं उभी राहिले, कडीवर हात ठेवून. देवाचं नाव घ्यायचं सुचलं नाही. दारावर वाजू दे, एवढंच म्हणत होते. आमच्या दारावर वाजू दे.

मावशींच्या दाराशी ती आली. ते दार सोडलं.

पावलं आमच्या दारासमोर आली. थांबली नाहीत. पुढच्या दारावर पाटली वाजली.